बनी पार्कातलं आजोळ

जयपूर म्हटलं की हवामहल, आमेरचा किल्ला आणि जोहरी बाजार डोळ्यांसमोर येतात. बनी पार्क कुणाला आठवत नाही. तिकीट काढून बघावं असं तिथे काही नाही. पण जयपूरला जाणारे बरेच जण रात्री पाठ टेकतात ती याच भागात, कारण रेल्वे स्टेशन आणि बस स्टँड दोन्ही जवळ. रुंद, शांत रस्ते, कडुनिंबाची झाडं, मोठ्या आवारांचे जुने बंगले. राजपूत ठाकुरांच्या कित्येक कोठ्यांची आता हॉटेलं झाली आहेत. सकाळी गच्चीवर चहा घेऊन बसलं की पोपट आणि मोर दोघांचे आवाज येतात.

आमच्या अकरा वर्षांच्या नातीला नाव ऐकूनच हा भाग आवडला होता. तिला वाटलं, तिथे ससे असणार! ‘बनी’ म्हणजे आपल्या ‘बन’ शब्दाचंच भावंड, झाडांची राई, हे कळल्यावर तिची जरा निराशा झाली.

आम्ही पाच जण ठाण्याहून निघालो होतो. आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नात. ग्रुप टूर घ्यायची हा हट्ट माझा. मराठी माणसं, मराठी टूर मॅनेजर, रात्री गरम वरण-भात. दिवसभर परक्या गावात फिरायचं आणि संध्याकाळी आपल्या माणसांत येऊन बसायचं, यासारखं सुख नाही असं मी म्हणायची. खरं सांगायचं तर अजूनही म्हणते.

आमची सून सिंधी आहे. उल्हासनगरची. लग्नाला तेरा वर्षं झाली. तिचं मराठी इतकं स्वच्छ की ग्रुपमध्ये कुणाला शंकाही आली नाही. तिच्या आईचं माहेर जयपूरचं, हे मला माहीत होतं. पण ते नेमकं बनी पार्कात, आमच्या हॉटेलपासून दहा मिनिटांच्या चालीवर आहे, हे तिने टूर ठरताना सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या रात्री जेवताना नाशिकच्या एका काकांनी विनोद सांगितला. साप आणि सिंधी समोर आले तर काय करावं, तो जुनाच. सगळे हसले. सूनही हसली. मी पाण्याचा ग्लास उचलून तोंडाला लावला.

खोलीत आल्यावर नातीने विचारलं, “आजी, ते काका रेसिस्ट आहेत का?”

मी म्हटलं, “अगं नाही, गंमत करत होते.”

“मग आपण सगळे मराठीच एकत्र बसतो, ते?”

“ते तर मुळीच नाही. आपली माणसं आवडणं वाईट असतं का?”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “पण मग मी कोणत्या टेबलावर बसू? मी तर अर्धी-अर्धी आहे.”

तिच्या आईने दिवा बंद केला आणि म्हणाली, “आई, उद्या सकाळ मोकळी आहे. मी मामांकडे जाऊन येते. तुम्ही येता?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळेच निघालो. वाटेत तिने एवढंच सांगितलं, की नाश्त्याच्या वेळी ती स्वतःच काकांकडे गेली होती. “काका, तुमचा कालचा विनोद आज माझ्या आजोळी सांगणार आहे,” असं म्हणाली. काका गोरेमोरे झाले. “अगं, मला माहीत नव्हतं,” म्हणाले. मला ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं. माहीत असतं तर सांगितला नसता, म्हणजे सिंधी माणूस समोर नसताना चालतो!

बनी पार्कातच सिंधी कॉलनी आहे, आणि जयपूरच्या मुख्य बस स्टँडचं नावच सिंधी कॅम्प. हजारो प्रवासी रोज हे नाव उच्चारतात, मेट्रोच्या स्टेशनवर वाचतात. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ही छावणी होती, हे किती जणांच्या मनात येत असेल? उल्हासनगरचंही तसंच. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत या लोकांना ठेवलं गेलं आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. सूनबाईचं माहेर एका कॅम्पातलं आणि आजोळ दुसऱ्या कॅम्पातलं.

मामा हैदराबाद सिंधमध्ये जन्मले आणि सहा महिन्यांचे असताना आईच्या कडेवर बसून रेल्वेने मुनाबावमार्गे जोधपूरला आले. तिथून जयपूर. हे सगळं मामींनी सांगितलं. मामा कमी बोलतात. दाल पकवान तयार होतं. कडक, खमंग पकवान आणि वर हरभऱ्याची डाळ, चिंचेची चटणी, कांदा. प्याज कचोरीसाठी स्टेशन रोडच्या रावतकडे गर्दी करणाऱ्यांना मी सांगेन, कुणी सिंधी ओळखीचं असेल तर आधी त्यांच्याकडे नाश्त्याला जा.

पहिली वीस मिनिटं मात्र मला अवघडल्यासारखं झालं. शेजारच्या दोघी-तिघी आल्या होत्या. सगळ्या सिंधीत बोलत होत्या, भराभर, हसत. सून त्यांच्यात अशी मिसळून गेली होती की तिचा आवाजसुद्धा वेगळा वाटत होता. आमच्या घरी ती इतकं मोठ्याने कधी हसत नाही. मी बशीतला पकवान तोडत बसले. तेरा वर्षं आमच्या सणावारांना, आमच्या गप्पांत ती अशीच बसली असेल का, हा विचार तेव्हा पहिल्यांदा आला.

मामींच्या लक्षात आलं. त्या हिंदीवर आल्या आणि म्हणाल्या, “बहनजी, बुरा मत मानिए. सिंधी हम बोलें भी तो किससे? घर में, और इसी गली में.” खरंच आहे. सिंधी भाषेला राज्य नाही. १९६७ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पण दुकानांच्या पाट्या सिंधीत असलेलं गाव भारतात कुठे शोधायचं? आपल्याला निदान महाराष्ट्र आहे. ज्यांचं गावच गेलं, त्यांनी एका गल्लीत एकमेकांना धरून राहणं, याला मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू?

तेवढ्यात वरच्या खोलीचा विषय निघाला. खोली रिकामी होती. मणिपूरच्या दोन मुली विचारायला आल्या होत्या, कॉलेजात शिकणाऱ्या. मामींनी नाही म्हटलं. “लड़कियाँ अच्छी थीं, पर अपनी नहीं थीं.” अगदी सहज, मला दुसरा पकवान वाढता वाढता.

नातीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि त्याला कारण होतं.

दोन वर्षांपूर्वी मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर होते. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने जाणार होता. बघायला आलेलं जोडपं कोल्हापूरचं. तो बँकेत अधिकारी, ती शिक्षिका. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं. बोलणं जवळजवळ पक्कं झालं होतं. मग आडनाव कळलं. ते मुसलमान होते. कमिटीत कुणीही वाईट शब्द काढला नाही. ‘सोसायटीचं वातावरण’, ‘पुढे कुणाला अडचण नको’ असं बोलणं झालं आणि मालकाचा विचार बदलल्याचं त्यांना कळवायचं ठरलं. मीही मान हलवली. ‘आपली माणसं’ म्हणजे मराठी बोलणारी, असं मी तोवर समजत होते. त्या दिवशी कळायला हवं होतं की तसंही नाही.

पुढे २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ती महाराष्ट्रीय आहे म्हणून ऑफिससाठी जागा नाकारली, तेव्हा केवढा संताप झाला होता! मलाही झाला होता. तिसऱ्या मजल्याची आठवण तेव्हा आली नाही.

कायद्याकडे बघावं तर तोही फार मदतीला येत नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं, की सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा नियम सोसायटी ठेवू शकते. पारशी समाज घटत चाललेला, त्यामुळे त्यांचं म्हणणं समजतंही. पण प्रत्येक सोसायटी असंच म्हणू लागली तर त्या कोल्हापूरच्या जोडप्याने राहायचं कुठे?

नाश्ता झाल्यावर मामा आम्हाला जुनं शहर दाखवायला निघाले. त्यांचं कापडाचं दुकान पूर्वी तिथे होतं. सिंधी कॅम्पहून मेट्रो घेतली तर पुढचंच स्टेशन चांदपोल, त्याच्या पुढचं छोटी चौपड. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये हे शहर वसवलं तेव्हा चौकड्या आखल्या आणि रस्ते आखले, आणि आजही रस्त्यांची नावं धंद्यांवरून आहेत. ठठेरों का रास्ता म्हणजे तांबटांचा, मनिहारों का रास्ता म्हणजे लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांचा. ज्याची त्याची गल्ली. नातीसाठी बांगडी घेतली तेव्हा मनिहार बाईंनी लाख निखाऱ्यावर मऊ करून आमच्या डोळ्यांसमोर ती वळून दिली.

पण गंमत अशी, की गल्ल्या अशा वाटून देणाऱ्या राजाने माणसं निवडताना आपली-परकी बघितलं नाही. नगररचना करणारे विद्याधर भट्टाचार्य बंगाली. राजाचे गुरू रत्नाकर पौंडरिक मूळचे महाराष्ट्रीय. ब्रह्मपुरीत त्यांची हवेली अजून आहे.

त्रिपोलिया बाजाराजवळ ईसरलाट हा उंच मनोरा आहे. तो दिसल्यावर आमच्या ह्यांनी इतिहास काढला. मनोरा बांधणारे ईश्वरीसिंह. मराठा सरदारांच्या खंडणीच्या तगाद्याखाली त्यांनी डिसेंबर १७५० मध्ये जीव दिला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, आपल्या फौजेतली हजारो माणसं शहर बघायला, खरेदी करायला दरवाज्यांच्या आत आली असताना दंगल उसळली आणि त्यांची कत्तल झाली. म्हणजे तेही पर्यटकच. मारणाऱ्यांना समोरचा माणूस कोण हे बघायची गरज वाटली नव्हती. तो मराठा आहे एवढं पुरलं. आणि आपले सरदार खंडणी मागत होते तेव्हा इथल्या माणसांचा विचार कुणी केला होता? भर उन्हात अंगावर काटा आला. मामा म्हणाले, “पुरानी बात है,” आणि सगळ्यांना लस्सी पाजली.

रात्री हॉटेलात मी फोनवर शोधलं. म्हटलं, नातीला नीट उत्तर द्यायला हवं. वंशभेदाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा १९६५ चा करार आहे. त्यातल्या व्याख्येत रंग आणि वंशाबरोबर कूळ आणि वांशिक मूळही आहे. आणि ‘भेद’, ‘वगळणं’, ‘निर्बंध’ यांच्या रांगेत चक्क ‘पसंती’ हा शब्दही आहे. मात्र सार्वजनिक जीवनात दुसऱ्याच्या बरोबरीच्या हक्काला बाधा येत असेल तर. म्हणजे मी कुणाबरोबर वरण-भात खाते हा प्रश्न नाही. तिसऱ्या मजल्याची किल्ली कुणाला मिळते, हा आहे.

मुलाने मात्र मला तेवढ्यावर सोडलं नाही. थॉमस शेलिंग नावाचे अमेरिकन अर्थतज्ज्ञ होते, त्यांना पुढे नोबेलही मिळालं. १९७१ मध्ये त्यांनी चौकटींच्या पटावर दाखवून दिलं, की शेजाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश तरी आपल्यातले असावेत, एवढीच माफक इच्छा प्रत्येकाने धरली तरी सरकत सरकत सगळी वस्ती वेगवेगळ्या कोपऱ्यांत विभागली जाते. कुणाचाही द्वेष लागत नाही. “आपल्या डायनिंग हॉलकडे बघ ना,” तो म्हणाला. खरंच की! पहिल्या रात्री अठ्ठावीस जण कसेही बसले होते. तिसऱ्या रात्री पुणेकरांचं टेबल, नागपूरकरांचं टेबल, आम्हा ठाणेकरांचं टेबल. कुणी कुणाला उठवलं नव्हतं. फक्त प्रत्येकाने शेजारच्या खुर्चीवर आपल्या माणसासाठी पर्स ठेवली होती. मीसुद्धा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मामा-मामी भेटायला हॉटेलवर आले. मामींनी वाटेत खायला कोकी करून आणली होती. सूनबाईने ग्रुपमध्ये ओळख करून दिली, “हे माझे मामा, ही मामी. सिंधी आहोत आम्ही.” नाशिकचे काका उठून उभे राहिले आणि खुर्ची ओढून दिली. मामींशी मी वरच्या खोलीबद्दल बोलले का? बोलले. त्यांना ते फारसं आवडलं नाही. “आप क्या करतीं?” असं त्यांनी विचारलं, आणि मी काय केलं होतं ते मी सांगितलं. मग आम्ही दोघी बराच वेळ कोकीच्या डब्याचं झाकण नीट बसतंय का, हेच बघत होतो.

सकाळी बस पुष्करच्या रस्त्याला लागली तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट पुन्हा रिकामा होतोय. कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा, शक्यतो आपल्यातलंच कुटुंब असावं. खाली चार अंगठे.

मी लिहिलं, “आपल्यातलं म्हणजे कोणतं?” नातीला दाखवलं. तिने वाचलं आणि माझ्या आधी तिनेच पाठवून टाकलं.

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. अजमेर मागे पडेपर्यंत उत्तर आलं नव्हतं.