इतवारीच्या मामांचं देणं

दगड विंधायला मला शिकवलं इतवारी सराफ्यातल्या एका सोनारमामांनी. ना नात्याचे, ना गोत्याचे. नागपूरच्या पश्चिमेला काळ्या बेसाल्टच्या रानात अकीक सापडतो. तो वेचायचा नाद मला कॉलेजपासूनचा. त्याचे मणी करायचे ठरवलं, तेव्हा जो तो यंत्राची ताकद सांगू लागला. कुणी भिंतीचं हॅमर ड्रिल पुढे केलं, कुणी मिनिटाला तीस-पस्तीस हजार फेरे घेणारं रोटरी टूल.

मामांनी दोन्ही बाजूला सारली. "हॅमर ठोके मारते, अकीक तडकते. अन् हे दुसरं? मोटर हातात अन् हात पाण्यात! करंट लागन ना, बापू." त्यांच्या बैठकीवर हुकाला मोटर टांगलेली होती. तिच्यातून लवचीक शाफ्ट खाली यायचा, टोकाला पेनाएवढी मूठ, वेग पायाखालच्या पेडलवर. वीज वर, पाणी खाली. विकत घेण्याआधी हात बसावा म्हणून गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी ते आपलंच यंत्र मला देत.

अकीकाची कठिणता मोहस मापावर साडेसहा ते सात, त्यामुळे साधं पोलादी बिट त्यावर नुसतं घसरतं. लागतं हिऱ्याची भुकटी बसवलेलं. ताटलीत लाकडाचा तुकडा, त्यावर दगड, वर बोटभर पाणी. बिट आधी तिरकं टेकवून चंद्रकोरीएवढी खाच करायची, मग उभं धरायचं. दर थोड्या वेळाने उचलायचं, म्हणजे पाणी आत शिरतं आणि दुधाळ गाळ बाहेर येतो. अर्ध्यावर दगड उलटा करून दुसऱ्या बाजूने यायचं, नाहीतर शेवटी कपची उडते. जोर दिला की मामा म्हणायचे, "दगडाले भोक पाडाचं नसते, त्याले झिजवा लागते."

हे झिजवणं इथं जुनंच. नागपूरच्या काटोल रस्त्याकडच्या माहुरझरीत डॉ. शां. भा. देव यांनी 1970-72 मध्ये महापाषाणकालीन दफनं उकरली. अकीक आणि कार्नेलियनच्या मण्यांचं हे जुनं केंद्र. तिथल्या कारागिरांकडे वीज नव्हती. फिरतं टोक होतं आणि सवड होती. गुजरातेतल्या खंबायतेत धनुष्याच्या दोरीने फिरवायच्या, हिऱ्याच्या कण्या बसवलेल्या गिरमिटाने मणी विंधायची रीत टिकून राहिली. पण दगड कोरडा घासण्याच्या कामात तिथल्या अनेक कारागिरांची फुफ्फुसं सिलिकोसिसने गेली.

मामा ते जाणून होते. शिकवणीचा पैसा त्यांनी घेतला नाही. दगड कधी कोरडा घासणार नाही, एवढा शब्द घेतला. तो मी पाळतो आणि पुढे सांगतो. यंत्र घेणार असाल तर फेऱ्यांच्या आकड्यावर भुलू नका. वेग खाली येतो का, लवचीक शाफ्ट जोडता येतो का, एवढं बघा. उरलेल्या पैशांत हिऱ्याची चांगली बिटं आणि एन-95 मास्क घ्या.