दुसरा जिना कुठे आहे?

माझ्या ग्रुपमध्ये मला ‘फायर ब्रिगेड’ म्हणतात. नव्या पबमध्ये शिरलो की बाकीचे मेन्यू बघतात, मी दुसरा जिना शोधते. ही सवय कॉलेजात असताना लागली. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लोअर परळच्या कमला मिल्समध्ये रूफटॉप पबना आग लागली आणि १४ जण गेले. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्याच्या ठिणग्यांचं कारण पुढे आलं. पण मला झोपू दिलं नाही ते वेगळ्याच गोष्टीने. बरेच जण जीव वाचवायला टॉयलेटमध्ये शिरले आणि तिथेच गुदमरले.

अग्निसुरक्षेतली जाणकार मंडळी नेमकं हेच सांगतात. ज्वाळांच्या आधी धूर मारतो. तो छताशी साचतो आणि झपाट्याने खाली उतरतो. लाइट गेले, की माणूस ज्या दाराने आला त्याच दाराकडे धावतो. म्हणून दुसरा जिना हवा. पहिल्यापासून लांब, मोकळा आणि कुलूप नसलेला.

हे सगळं आपल्या कायद्यात आहे बरं का! महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार ही जबाबदारी जागेच्या मालकाची किंवा ती वापरणाऱ्याची. यंत्रणा चालू असल्याचं लायसन्स्ड एजन्सीचं सर्टिफिकेट वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यायचं. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याच्या पार्टीसाठी आम्ही एक टेरेस रेस्टॉरंट बघायला गेलो. व्ह्यू झकास, स्टार्टर्स ए-वन. मागच्या जिन्यात मात्र बिअरचे क्रेट आणि दाराला कुलूप.

‘‘मॅडम, मागून फुकटे घुसतात ना! चावी काउंटरला असते,’’ मॅनेजर म्हणाला.

धुरात काउंटर कोण शोधणार? मी फॉर्म बी मागितला. ‘‘ते ओनरना माहीत. ओनर दुबईला असतात.’’

बहीण वैतागली. ‘‘ताई, तू पार्टी ठरवायला आलीयस की रेड टाकायला?’’ बुकिंग कॅन्सल झालं. आठवडाभर ती माझ्याशी धड बोलली नाही.

पण ते ‘ओनर दुबईला’ काही डोक्यातून जाईना. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? दिल्लीच्या उपहार थिएटरचं उदाहरण बघा. १३ जून १९९७ ला तिथे ५९ जण मेले. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवल्यामुळे बाहेर पडायची वाट अडली होती. २०१५ मध्ये, म्हणजे १८ वर्षांनी, सुप्रीम कोर्टाने दोघा मालक भावांना प्रत्येकी ३० कोटींचा दंड केला आणि आधी भोगलेला तुरुंगवास पुरेसा मानला.

तेव्हाच्या कायद्यात निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत आहे. आपल्या कृत्याने माणसं मरू शकतात हे माहीत असूनही ते केलं असं सिद्ध झालं, तर सदोष मनुष्यवध. त्याची शिक्षा कितीतरी कडक. एका वकील मैत्रिणीने मला हे सोप्या शब्दांत सांगितलं, ‘‘कोर्टातली निम्मी लढाई ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ या एका वाक्यावर चालते.’’

मग ते वाक्य आधीच खोडून ठेवलं तर? मी रेस्टॉरंटला ई-मेल टाकला. कुलपाचा आणि क्रेटचा फोटो, तारीख, वेळ. कॉपी अग्निशमन दलाला. उत्तर आलं नाही. पण आता निदान ‘कुणी सांगितलंच नाही’ असं म्हणायची सोय उरलेली नाही.

तपासणी हे गिऱ्हाईकाचं काम नव्हे, हे मला मान्य. पण डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली. २५ जण मेले आणि त्यातले बहुतेक तिथेच काम करणारे होते. आपण दोन तास बसतो, बिल देतो, निघतो. किचनमधला पोरगा रोज रात्री त्याच जिन्याच्या भरवशावर असतो. तो कुलपाबद्दल विचारायला गेला तर नोकरी जाईल. आपलं काय जाणार? फार तर एक टेबल.