सहलीसाठी रजा

आमच्या टेबलावर गेली वीस वर्षे रजेचे अर्ज येतात. अर्ज नोंदवहीत चढवायचा, शिल्लक रजा तपासायची आणि साहेबांपुढे ठेवायचा, हे आमचे काम. त्यामुळे माणसे कशाकशासाठी रजा घेतात हे आम्हांला तोंडपाठ झाले आहे. आईचे आजारपण, चुलत्याचे निधन, बहिणीचे लग्न, मुलाचा शाळाप्रवेश, रेशनकार्डावरील नावाची दुरुस्ती. 'मुलांना घेऊन सहलीला जायचे आहे' असे कारण लिहिलेला एकही अर्ज या वीस वर्षांत आम्ही पाहिला नव्हता. तसा पहिला अर्ज पाहिला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये, आणि तो आमचाच होता. तो लिहायला आम्हांला एक फजिती आणि दोन वर्षांचा विचार लागला. वाचकांपैकी कोणाची तशी फजिती टळावी, म्हणून हा अनुभव सांगतो.

भाऊबीजेचा दुसरा दिवस

नाशिकची मुले आईवडिलांचा हात धरून पहिल्यांदा सहलीला जातात ती त्रिरश्मी लेण्यांवर. तिकीट थोडके, डबा घरचा, आणि सकाळी लवकर गेले तर पायऱ्यांवर आपणच. आमचीही मुले तिथेच वाढली. पण शाळेतले सोबती मोठ्या मनोरंजन उद्यानांच्या गोष्टी सांगू लागले, तसा घरोघर हट्ट सुरू झाला. शेवटी २०२३ च्या दिवाळीत आमच्या गल्लीतील पाच कुटुंबे निघाली. दिवस ठरला भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाचा, १६ नोव्हेंबर. कारण एकच, सर्वांना सुटी तेव्हाच होती.

जी सुटी आम्हांला, तीच साऱ्या महाराष्ट्राला. शिवाय गुजरातेत शाळांना दिवाळीची एकवीस दिवस सुटी असते. हे आमच्या ध्यानात आले ते फाटकासमोरच्या रांगेत उभे राहिल्यावर! त्या दिवशी मुलांच्या वाट्याला जेमतेम चार खेळ आले. बरोबरच्या एका दादांची मुलगी, तेव्हा आठ वर्षांची, रोलर कोस्टरसाठी सव्वा तास उभी राहिली. पाळी आली तेव्हा तिथल्या मुलाने उंचीच्या पट्टीशी तिला उभे केले. उंची कमी भरली. नियम मुलांच्या जिवासाठीच असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण रांग लावण्याआधी तो पाहून घ्यावा हे आम्हां मोठ्यांना सुचले नाही. पोर रडली नाही. ती गप्प झाली, ते जास्त लागले.

आमची आई दिवसभर सर्वांच्या पिशव्या राखत एका कठड्यावर बसून होती. परतताना ती एवढेच म्हणाली, "एवढे पैसे देऊन उभंच राहायचं होतं, तर आपली रेशनची रांग काय वाईट होती?"

रांगेचा हिशेब

आम्ही बी. कॉम. झालेले, त्यात पेशाने कारकून. हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. घरी आल्यावर कागद घेऊन बसलो.

समजा, एका पाळण्यात २४ जण बसतात. बसवणे, पट्टे तपासणे, फेरी आणि उतरवणे यांना मिळून चार मिनिटे लागतात. म्हणजे तासाला १५ फेऱ्या, ३६० माणसे. तुमच्या पुढे ४५० माणसे असतील तर सव्वा तास ठरलेला. पुढे ९० असतील तर पंधरा मिनिटे. पाळणा तोच, फेरीही तेवढीच. आता उद्यान आठ तास उघडे, त्यातले दोन तास जेवणात आणि चालण्यात गेले असे धरा. उरलेल्या सहा तासांत गर्दीच्या दिवशी चार खेळ होतात, कमी गर्दीत पंधरा सहज होतात. तिकीट १५०० रुपयांचे धरले, तर पहिल्या दिवशी एक खेळ ३७५ रुपयांना पडला, दुसऱ्या दिवशी शंभरात. शिवाय पुष्कळ ठिकाणी सुटीच्या दिवसाचे तिकीट महाग असते ते वेगळेच. म्हणजे ज्याला रविवारशिवाय सुटी नाही, तो जास्त पैसे देऊन कमी खेळतो.

गर्दीची ही अडचण जगात सगळीकडे आहे. अमेरिकेत डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी खोटी पासे घेऊन हजारो लोक आत घुसले आणि सगळी व्यवस्था कोलमडली. १९९९ पासून डिस्नेने वेळ नेमून देणारी पासे काढली, म्हणजे तोवर माणसाने रांगेत उभे न राहता फिरून यावे. पुढे अनेक ठिकाणी जादा पैसे भरून रांग ओलांडण्याची सोय निघाली. आपल्याकडेही ती आली आहे. ज्यांना परवडते त्यांनी घ्यावी. आपल्यासारख्यांनी मात्र पैशाऐवजी कॅलेंडर वापरावे.

कोणता महिना, कोणता वार

आमच्या पिढीला उद्यान म्हणजे मुंबईत गोराईचे एस्सेलवर्ल्ड ठाऊक. ते १९८९ साली सुरू झाले, आता बंद आहे. २०१३ पासून खोपोलीजवळ इमॅजिका आहे. नाशिकपासून ते सुमारे दोनशे किलोमीटर. जवळच हवे तर शिर्डीला पाण्याचे उद्यान आहे. कुठेही गेलात तरी वर्षाचा रंग साधारण असा असतो.

एप्रिल-मे हे पाण्याच्या उद्यानांचे दिवस. उन्हामुळे झुंबड उडते, रविवारी तर पाण्यापेक्षा माणसे जास्त. एप्रिलच्या मध्यात आपण सारे जयंतीत गुंतलेले असतो, पुढे बुद्धपौर्णिमा असते. म्हणून परीक्षा संपल्यापासून मेची सुटी रंगात येईपर्यंतचे कामाचे वार पाहावेत. जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की गर्दी ओसरते, पण तेव्हा पाऊस दारात असतो. जुलै-ऑगस्टमध्ये खोपोलीकडे सह्याद्रीच्या पायथ्याचा मुसळधार पाऊस. विजा कडाडू लागल्या की उघड्यावरचे पाळणे थांबवावे लागतात. त्यातच शनिवार-रविवारी लोणावळ्याला निघालेल्या गाड्यांनी द्रुतगती मार्ग तुंबतो. नाताळ ते नववर्ष हा आठवडा सोडूनच द्यावा. डिसेंबर-जानेवारीत हवा छान, पण शाळांच्या सहली कामाच्या वारीच येतात, तेव्हा बुधवार आहे म्हणून निर्धास्त राहू नये. फेब्रुवारीत परीक्षांचे वारे सुरू झाले की शांतता होते.

वारांबद्दल एक गोष्ट. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. तेव्हापासून शनिवार हा रविवारचा सख्खा भाऊ झाला आहे. आणि गर्दी अगदीच नको म्हणून अगदी ओस दिवस निवडणेही शहाणपणाचे नाही. त्या काळात काही पाळणे दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, वेळही कमी करतात. निघण्याआधी फोन करून कोणते खेळ चालू आहेत, किती वाजेपर्यंत आहेत, आणि कोणत्या खेळाला किती उंची लागते, हे तिन्ही विचारून घ्यावे. पाण्यात उतरायला बहुतेक ठिकाणी नायलॉनचेच कपडे चालतात, सुती चालत नाहीत. ते घरून न्यावेत, नाहीतर भाड्याने घ्यावे लागतात. बाहेरचे खाणे सहसा आत नेऊ देत नाहीत, म्हणून सकाळी वाटेत पोटभर खाऊन घ्यावे.

सोमवारची सुटी

हे सारे मांडल्यावर आम्हांला एक गंमत दिसली. दिवाळीची गर्दी भाऊबीजेनंतर फुटते. त्याआधी वसुबारसेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत लोक खरेदीत, फराळात आणि घरच्या पूजेत असतात. आपल्यातील पुष्कळ घरांत १९५६ नंतर लक्ष्मीपूजन उरले नाही, सुटी मात्र उरली! मग आपण आधीच का जाऊ नये?

दिवस ठरवताना आठवण झाली त्या दादांची. ते अंबडला कारखान्यात ठेकेदाराकडे काम करतात. त्यांची साप्ताहिक सुटी सोमवारी. सगळे रविवारी घरी असताना ते कामावर, म्हणून आम्ही आजवर त्यांना बिचारे समजत होतो. आता कॅलेंडर पाहतो तर त्यांचाच वार सोन्याचा! २० ऑक्टोबर २०२५, सोमवार, नरकचतुर्दशी. दादांचा रोज बुडणार नव्हता. बाकीच्यांनी रजा टाकायची होती.

अडले ते इथेच. पैशाचे कोडे सुटले होते. जानेवारी २०२४ पासून पाच घरांनी महिन्याला पाचशे रुपयांची भिशी धरली होती, वीस महिन्यांत ५० हजार जमले होते. पण रजेच्या नावाने एकेकाचा पाय मागे. एक भाऊ म्हणाले, "पोरांना झोके खेळवायला रजा मागू? साहेब हसतील." दुसऱ्यांनी सुचवले, अर्जात 'आईची तब्येत' लिहू. त्यांच्या आईच समोर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला कशाला आजारी पाडतोस? मलाही यायचंय."

तेव्हा आम्ही थोडे बोललो. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांना भरपगारी सुट्यांची तरतूद झाली. १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. ही सुटी केवळ आजारपणाला आणि मर्तिकाला पुरवण्यासाठी नव्हती. श्रम करणाऱ्या माणसाला स्वतःचा म्हणून वेळ असावा, यासाठी ती होती. आपण मात्र ती दुःखासाठी राखून ठेवतो आणि सुखासाठी मागायला लाजतो. एवढे बोलून झाल्यावर आपलेच शब्द आपल्याला बांधतात. दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज लिहिला. कारण : मुलांसह सहल. साहेबांनी वाचला, चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "कुठे जाताय?" सही झाली.

पहाटेची बस

पहाटे चार वाजता मिनी बस निघाली. आम्ही बावीस जण. लेण्यांचा डोंगर अंधारातच मागे गेला. इगतपुरीपासून समृद्धी महामार्ग धरला. इगतपुरी ते आमणे हा त्याचा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आहे. कसाऱ्याची वळणे टळली आणि त्याऐवजी सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा मुलांनी टाळ्या वाजवत पार केला. पुढे शिळफाटा, पनवेल, आणि खोपोली. वाटेत पोहे-चहा. फाटक उघडण्याच्या अर्धा तास आधी आम्ही तिकिटे घेऊन हजर होतो.

आत गेल्यावर सगळे लोक पहिल्या दिसेल त्या खेळाला उभे राहतात. आम्ही ठरवल्याप्रमाणे आधी मागच्या टोकाला गेलो, मोठे पाळणे सकाळी उरकले, आणि लोक जेवायला बसले तेव्हाही खेळत राहिलो. गर्दी नव्हती असे नाही, पण रांग सरकत होती. इमॅजिकात राजासॉरस नावाचा खेळ आहे. हा डायनासोर नर्मदेच्या खोऱ्यात सापडला आणि २००३ साली त्याचे नामकरण झाले, हे आम्ही मुलांना आदल्या रात्री सांगून ठेवले होते. आईसाठी गार दालनातले बसून पाहायचे कार्यक्रम निवडले होते. पिशव्या लॉकरात गेल्या आणि आई मोकळी झाली.

दादांची मुलगी आता दहा वर्षांची. दोन वर्षे दर महिन्याला तिने घराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीची रेघ ओढली होती. त्या दिवशी रोलर कोस्टरच्या पट्टीशी ती स्वतःच जाऊन टाच टेकून उभी राहिली. मुलाने मान हलवली, आत जा म्हणून. ती खाली उतरली ती थेट पुन्हा रांगेकडे पळाली. दुसऱ्यांदाही दहा मिनिटांत पाळी आली. दादा खालून पाहत होते. त्यांनी आम्हांला फक्त वेळ विचारली आणि तोंड दुसरीकडे फिरवले.

एका जागी आमचा हिशेब चुकलाच. उद्यानाची गर्दी मोजली, रस्त्याची मोजली नाही. सकाळी आम्ही लोकांच्या उलट दिशेने आलो होतो. संध्याकाळी मात्र सारी मुंबई दिवाळीला गावी निघालेली, आणि आम्ही तिच्याच सोबत. भिवंडीच्या अलीकडे दोन तास बस जागची हलली नाही. नाशिक गाठायला रात्रीचे अडीच वाजले. मुले एकमेकांच्या अंगावर झोपली होती. आम्ही आईला म्हणालो, आज पण रांग चुकली नाही. ती म्हणाली, "आज बसायला मिळालं की."

वाचक बंधु-भगिनींनो, तुम्ही खोपोलीलाच जावे असे आमचे म्हणणे नाही. त्रिरश्मीच्या पायऱ्या आहेत, गंगापूर धरणाचा काठ आहे. पण कुठेही जा, एकदा तरी सर्वांच्या सुटीत न जाता आपली रजा घेऊन जा. आणि अर्जात कारण खरे लिहा.