सरांनी दिलेला तारा

कन्या राशीतला पोरिमा हा तारा मला आमच्या गणिताच्या सरांनी दिला. चित्रेच्या वायव्येला नुसत्या डोळ्यांना एकच दिसणारा हा ठिपका म्हणजे जवळजवळ सारख्या तेजाच्या दोन ताऱ्यांची जोडी. एकमेकांभोवतीची एक फेरी ते 169 वर्षांत पुरी करतात.

सरांची दुर्बीण चार इंची, आरसा त्यांनी स्वतः घासून घडवलेला. वर्गात ते कडक असत, गच्चीवर मात्र त्यांना कसलीच घाई नसे. दुर्बीण अर्धा तास उघड्यावर ठेवून आरसा निवू द्यायचा. मग नळीला हात न लावता तारा वाहू द्यायचा. ज्या कडेने तो बाहेर जाईल ती पश्चिम. त्यावरून जोडीची दिशा वहीत काढायची, आणि पुस्तक त्यानंतरच उघडायचं. "आकडा आधी वाचलास, तर डोळा तेवढंच बघतो," असं सर म्हणत. पुढे नोकरीतही ही अट मी सोडली नाही. तिचे उपकार फार मोठे आहेत.

ऐंशीच्या दशकात पोरिमाचे दोन्ही तारे सरांना सहज सुटे दिसत. नंतर ते जवळ येत गेले. चार इंची दुर्बिणीला साधारण 1.1 विकलांपर्यंतची जोडी फोडता येते. एकोणिसाव्या शतकातले इंग्लिश धर्मगुरू डॉझ यांनी घालून दिलेला हा हिशेब. 2005 मध्ये अंतर अर्ध्या विकलेच्याही आत आलं आणि आमच्या दुर्बिणीत एकच तारा उरला. सरांनी त्या उन्हाळ्यातही नोंदी ठेवल्या. 'एकच' एवढा एक शब्द, आणि पुढे हवा कशी होती ते. न दिसणंही इतक्या निष्ठेनं लिहायचं असतं, हे मला त्या पानांनी शिकवलं.

पुढच्या वर्षी सर गेले. दुर्बीण काकूंनी माझ्याकडे दिली.

मी तोवर शहरात आलो होतो. तेजोमेघ, दीर्घिका इथल्या दिव्यांत हरवतात. जोडताऱ्यांना मात्र काळोखापेक्षा स्थिर हवा लागते, म्हणून हा छंद टिकला. पोरिमा आधी लांबट दिसू लागला. 2010 च्या उन्हाळ्यात एका निवांत रात्री दोन ठिपक्यांमध्ये बारीक काळी फट दिसली. चित्र काढलं, मग पुस्तक उघडलं. सरांच्या चित्रांत जोडी जवळजवळ पूर्व-पश्चिम आडवी आहे, माझ्या चित्रात ती उत्तर-दक्षिण उभी होती. मधल्या काळात ते तारे एकमेकांना वळसा घालून गेले होते.

सरांची वही काकूंकडेच आहे. दर उन्हाळ्यात मी त्यांना फोन करून नोंद सांगतो, आणि त्या ती सरांच्या नोंदींखाली लिहून घेतात. अंतर आता तीन विकलांच्या पुढे गेलंय. हवा कशी होती, हेही त्या न चुकता विचारतात.