नाक अमेरिकन, काळीज डिझेल!

औंध म्हटलं की यमाई आणि म्युझियम. पण टेकडीच्या पायथ्याशी आम्हाला तिसरंही एक दैवत भेटलं. डॉजचा जुना ट्रक!

मूळपीठावर यमाईचं दर्शन झालं. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली सुरू केलेल्या म्युझियममध्ये रविवर्म्याची 'सैरंध्री' आणि हेन्री मूरचं शिल्प पाहिलं. खाली चहाला थांबलो, तर शेजारच्या पत्र्याच्या शेडमधून एक फुगीर नाक डोकावत होतं.

'काका, इंजिन ओरिजनल का?'

'ते कवाच गेलं भंगारात. ह्ये पर्किन्स हाय!'

थोडी हिस्टरी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या डॉज गाड्या जोडायला घेतल्या. तेव्हा अमेरिकन ट्रकला इंजिनाचा चॉइस असायचा, पण बहुतेक पेट्रोलमध्येच. १९४८ च्या फोर्ड एफ-५ ला २२६ घनइंचांचं सहा सिलिंडरचं घ्या, नाहीतर २३९ चं व्ही-८. शेवरलेटला २१६ किंवा २३५. डॉजचं सहा सिलिंडरचं फ्लॅटहेड, म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या शेजारी. साधं, शांत, पण तहान मोठी! तिकडे पेट्रोल स्वस्त, त्यामुळे कुणाचं अडलं नाही.

आपल्याकडे अडलं. माल भरून घाट चढायचा, तर डिझेल कमी आरपीएमला जोरात ओढतं आणि खर्चही कमी. म्हणून आलं पर्किन्सचं पी-६. सहा सिलिंडर, ४.७ लिटर, साधारण ८३ हॉर्सपॉवर. पुढे मद्रासच्या सिम्पसननं पर्किन्स इंजिनं इथंच बनवली आणि प्रीमियरनं डॉज-फार्गोला डिझेल दिलं. ज्यांच्याकडे आधीचे पेट्रोल ट्रक होते, त्यांनी मिस्त्रीला गाठलं. काकांच्या वडिलांनीही तेच केलं.

औंध संस्थानाला हे काही नवं नव्हतं. कुंडल त्यांचंच. बेळगाव सोडावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली राजांनी तिथली माळरानाची जागा दिली. तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली, नांगर आणि पंप बनू लागले. बाहेरची वस्तू आपल्या मातीला जुळवून घ्यायची, ही इथली जुनी सवय.

आता खरा पेच. एका शौकीन गिऱ्हाइकानं काकांना चांगली किंमत सांगितलीय. अट एकच, मूळ पेट्रोल इंजिन शोधून बसवायचं. मुलगा म्हणतो, देऊन टाकू. काका म्हणतात, 'ह्या इंजिनानं आमचं घर बांधलं. ते काढल्यावर गाडी आमची कशी?'

व्हिंटेजवाल्यांचं गणितही चूक नाही. जुनं जसंच्या तसं जपणारं कुणीतरी हवंच. पण मला विचाराल, तर काकांचं पटतं. डेट्रॉइटचं ओरिजनल दुसरीकडेही सापडेल. साताऱ्याच्या घाटात जगलेला डॉज मात्र असाच असणार.

कसं जाल? साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंध चाळीसेक किलोमीटर. म्युझियमच्या सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. पौषात यमाईची यात्रा भरते, तेव्हा गर्दीची तयारी ठेवा!