जाड तेल, पातळ तेल

गेल्या हिवाळ्यात आमच्या घराला एक आवाज पाठ झाला होता. सोमवारी आणि गुरुवारी फजरची नमाज झाली की अब्बांना डायलिसिसला न्यायचं. किल्ली फिरवली की इंजिन जड फिरायचं, सुरू झालं की तीन-चार सेकंद वरच्या बाजूने खडखड यायची आणि मग सगळं शांत. अब्बा मागच्या सीटवरून म्हणायचे, "टॅपेट बोलतंय." बावीस वर्षं त्यांनी सोलापुरात अ‍ॅम्बेसेडर चालवली, तेव्हा त्यांचा शब्द आमच्याकडे शेवटचा.

गाडी आम्ही अब्बांसाठीच घेतली होती. एक लिटरचं पेट्रोल इंजिन, जुनी पण नीट वापरलेली. ती एखाद्या पहाटे सुरूच झाली नाही तर काय, ही धास्ती त्या खडखडीबरोबर रोज पोटात यायची. डायलिसिसची पाळी चुकवता येत नाही. एका गॅरेजवाल्याने ऐकून सांगितलं, हेड उघडावं लागेल, पंधरा हजार धरून चला. एवढे पैसे नव्हते असं नाही, पण ते अब्बांच्या औषधासाठी ठेवलेले होते.

पैसे काढायचं ठरत आलं होतं, तेव्हा आमची अकरावीतली मुलगी फ्यूज शोधायला डॅशबोर्डच्या कप्प्यातलं पुस्तक काढून बसली. ते पुस्तक पहिल्या मालकाच्या प्लॅस्टिकमध्ये तसंच होतं. आम्ही दोघंही शिक्षक. प्रश्न आधी नीट वाचा, असं मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो आणि गाडीचं पुस्तक काही उघडलं नव्हतं. तिने विचारलं, "अब्बू, आपल्या गाडीत ऑइल कुठलं आहे? इथे ५डब्ल्यू-३० लिहिलंय."

आमच्या गाडीत होतं २०डब्ल्यू-५०. मिस्त्रीचाचांच्या गॅरेजमध्ये त्याचा एक पिंप असतो. रिक्षा असो, जीप असो, आमची गाडी असो, सगळ्यांना त्यातूनच. चाचांचं म्हणणं साधं होतं, "गरम मुलूक है मास्तर, इधर जाडाच ऑइल लगता." अब्बांचंही तेच मत. डब्ल्यू म्हणजे वेट, म्हणजे वजन, आणि वजनदार ते चांगलं.

दोन-तीन रात्री आम्ही हाच अभ्यास केला. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली ऑइलला घट्टपणानुसार क्रमांक द्यायला सुरुवात केली, त्याच पद्धतीचे हे आकडे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. ५डब्ल्यूची परीक्षा उणे ३० अंशाला घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ ला. सोलापुरात बारा अंश झाले की आम्ही स्वेटर शोधतो, तर हा आकडा आपल्या काय कामाचा, असं वाटलं. तिथेच आम्ही चुकलो. ऑइल घट्ट व्हायला बर्फ पडावा लागत नाही. ४० अंशाला, म्हणजे आमच्या एप्रिलच्या दुपारी, साधारण ५डब्ल्यू-३० ऑइलचा घट्टपणा ६०-६५ सेंटीस्टोक असतो. २०डब्ल्यू-५० चा दीडशेच्या वर. जानेवारीच्या पहाटे दोन्ही आणखी कितीतरी घट्ट. रात्रभर ऑइल खाली सम्पमध्ये उतरलेलं असतं. सकाळी पंपाने ते बारीक वाटांतून वर चढवायचं. जाड ऑइल वर पोचायला वेळ घेतं, आणि तेवढा वेळ वरचे भाग जवळजवळ कोरडे घासतात. आमची खडखड ती हीच असावी.

दुसरा आकडा गरम ऑइलचा, १०० अंशाला मोजलेला. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. बाहेर मे असो की जानेवारी, थर्मोस्टॅट इंजिनचं पाणी नव्वद अंशांच्या आसपास ठेवतो. त्यामुळे उन्हाळ्याची जेवढी भीती आपण घेतो, तेवढी इंजिनला नसते. अर्थात भर उन्हात, भरलेल्या गाडीने घाट चढताना ऑइल जास्त तापतं. म्हणून तर पुस्तकात बाहेरच्या तापमानाचा तक्ता दिलेला असतो. आमच्या तक्त्यात गरम हवेसाठी १०डब्ल्यू-३० ला परवानगी होती. २०डब्ल्यू-५० कुठेच नव्हतं.

आता हे चाचांना सांगायचं कसं? लॉकडाऊनमध्ये रात्री अकराला अब्बांसाठी बॅटरी घेऊन आलेला माणूस. कधी एक रुपया जास्त घेतला नाही. दुसरीकडे जाऊन गुपचूप ऑइल बदलणं सोपं होतं, पण अब्बा म्हणाले, "जायचं तर त्याच्याकडेच." डबा आणि फिल्टर आम्ही विकत घेतले आणि अब्बांना घेऊन गॅरेजवर गेलो.

चाचांनी थेंबभर ऑइल दोन बोटांत चोळलं. "ये तो पानी है, मास्तर." आमच्याआधी मुलगीच बोलली, "चाचा, तुमचं बोट पस्तीस अंशाचं आहे, इंजिन शंभराचं." चाचा हसले, पण पटलं नव्हतं. मग तिने घरून आणलेलं पुस्तक पुढे केलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, आकडे येतात. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "एकच ऑइल पाच बी और तीस बी, कैसे?" हा प्रश्न आम्हालाही पडला होता. मूळ तेल पातळच असतं, त्यात लांब साखळीचे पदार्थ मिसळतात. थंडीत ते गुंडाळून पडून राहतात, तापले की उलगडतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. अब्बा म्हणाले, "आमच्या वेळी हे नव्हतं रे." चाचांनी काही न बोलता सम्पचा नट सोडला.

पुढच्या गुरुवारी पहाटे गाडी सुरू झाली तेव्हा आम्ही तिघंही श्वास धरून होतो. खडखड पूर्ण गेली नाही. सेकंदभर आली आणि थांबली. इंजिन मात्र हलकं फिरलं. अ‍ॅव्हरेजही थोडं वाढलंय असं वाटतं, पण तो आमचा भासही असेल. हेड उघडलं नाही. अल्हम्दुलिल्लाह, गुरुवार चुकलेला नाही.

याचा अर्थ पातळ ते चांगलं, असा घेऊ नये. शेजारच्या इनामदारांनी आमचं ऐकून त्यांच्या जुन्या डिझेल जीपमध्ये हेच घालायचं म्हटलं, तेव्हा आम्ही त्यांना थांबवलं. त्यांच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० आहे, आणि डिझेलचं ऑइल वेगळ्या प्रतीचं लागतं. डब्यावर एपीआयच्या खुणेत एस असेल तर पेट्रोल, सी असेल तर डिझेल. इंजिन जुनं होऊन ऑइल खात असेल तर एक पायरी जाड घालतात, पण तेही पुस्तकातल्या यादीतलंच बघून.

महिन्याभराने चाचांनी निरोप पाठवला, गॅरेजच्या भिंतीसाठी एक तक्ता लिहून द्या. कार्डशीटवर एका बाजूला उर्दू, एका बाजूला मराठी. त्यांच्याकडे येणाऱ्या गाड्यांची नावं आणि पुढे रकाने. ज्यांची पुस्तकं मिळाली ते भरले, उरलेले रिकामे ठेवले. रिक्षाच्या ओळीपुढे २०डब्ल्यू-५० बघून चाचा खूश झाले. पिंप अजून तिथेच आहे. परवा गेलो तेव्हा दोन रिकामे रकाने त्यांनी स्वतःच्या हाताने भरलेले दिसले, उर्दूच्या बाजूने.