माझे गाव : रसायनी

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र हाती आले तेव्हा मला सर्वप्रथम आठवली ती आठवीतील निबंधाची वही. भूगोल शिकविणाऱ्या सरांनी त्या दिवशी ‘माझे गाव’ हा विषय दिला होता आणि फळ्यावर तीन शब्द एकाखाली एक लिहिले होते : भूगोल, इतिहास, लोकसंख्या. वसतिगृहात आम्ही निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली मुले. महाडच्या मुलाने चवदार तळ्यावर चार पाने भरली. जुन्नरच्या मुलाला शिवनेरी आणि लेणी यांतून काय निवडावे, हेच कळेना. मी भूगोलाखाली पाताळगंगेविषयी आठ ओळी लिहिल्या, लोकसंख्येपुढे ‘पुष्कळ’ असा शब्द लिहिला आणि इतिहासाखाली एकच वाक्य : ‘रसायनी हे गाव कारखान्यामुळे झाले असल्याने त्यास इतिहास नाही.’

सरांनी ते वाक्य वर्गात वाचून दाखविले तेव्हा मुले हसली; सर हसले नाहीत. वही परत मिळाली तेव्हा समासात लाल शाईने लिहिले होते, ‘इतिहास नसलेले गाव नसते. विचारून पुन्हा लिही.’ पुढे सहामाही परीक्षा आली, मग वार्षिक परीक्षा आली आणि तो निबंध पुन्हा लिहायचा राहून गेला. सर आज हयात नाहीत. चाळीस वर्षे उशिरा का होईना, तो गृहपाठ मी येथे पूर्ण करीत आहे.

भूगोलापासूनच आरंभ करतो, कारण तेथे मी अगदीच चुकलो नव्हतो. रसायनी रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या काठी आहे. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आपट्याच्या अलीकडचे ते स्थानक. जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने आल्यास दांडफाट्यावर वळावे लागते. उत्तरेस प्रबळगड आणि इर्शाळगड, पश्चिमेस कर्नाळ्याचा सुळका, दक्षिणेस माणिकगड. लहानपणी आम्हांस वाटे की, या डोंगरांनी वाटोळे करून आमच्यावर पहारा ठेवला आहे.

नदी मात्र पहाऱ्यात राहणारी नव्हे. खंडाळ्याच्या घाटाखाली उगम पावून ती खोपोलीवरून खाली येते, आमच्या वस्तीला वळसा घालून आपट्याकडे जाते आणि खारपाड्यापुढे धरमतरच्या खाडीस मिळते. कोकणातील बहुतेक नद्या शिमग्यापर्यंत आटून डबक्यांच्या होतात. पाताळगंगा भर वैशाखातही वाहते. तिचे हे पाणी तिचे एकटीचे नाही, हे मला पुष्कळ उशिरा समजले. घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण आणि शिरोटा येथे टाटांनी तलाव बांधले आणि ते पाणी नळांवाटे सुमारे पाचशे मीटर खाली उतरवून १९१५ मध्ये खोपोलीला वीज निर्माण करण्यास प्रारंभ केला. इंद्रायणीवाटे भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी पूर्वेच्या समुद्रास मिळणारे पाणी त्या दिवसापासून पश्चिमेकडे वळले. मुंबईच्या गिरण्यांना वीज देऊन झाल्यावर उरलेले ते पाणी पाताळगंगेत येऊ लागले. वीजघर चालू असले की नदी भरे, बंद असले की उतरे. कपडे धुण्यास काठावर गेलेली माझी आई पायरीवरील पाणी पाहून सांगे, “आज वर काम बंद दिसतंय.” शंभर वर्षांपूर्वी घाटमाथ्यावर कोणी घेतलेला निर्णय आईच्या धुण्याच्या दगडापर्यंत पोहोचला होता. पुढे कारखाने याच काठावर का आले, पनवेल आणि न्हावा-शेवा परिसराने याच नदीला तहान का सांगितली, याचेही उत्तर त्या बारमाही पाण्यातच आहे.

आता इतिहास. सरांनी ‘विचारून’ लिहिण्यास सांगितले होते. मी दिवाळीच्या सुट्टीत आजोबांना विचारले. ते मला नदीकाठच्या उंचवट्यावर घेऊन गेले. समोर कारखान्याची लांबच लांब भिंत होती. भिंतीकडे काठी रोखून ते सांगू लागले : इथे राब भाजत, तिथे भाताची खाचरे होती, त्या कोपऱ्यात भातानंतर वाल टाकत, त्या वालाच्या शेंगांची पोपटी थंडीत लावली की, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास पलीकडच्या पाड्यापर्यंत जाई. प्रत्येक खाचराला नाव होते. कोणते खाचर कोणाचे आणि त्यात राबणारे कोण, हे दोन्ही ते निरनिराळे सांगत. त्यांतील एकही खाचर आमचे नव्हते. आजोबांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या चिखलात लावणी केली.

हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी १९६० साली स्थापन झाली आणि १९७०-७१ च्या सुमारास येथील कारखान्यातून उत्पादन निघू लागले. रंग, औषधे, रबर, कीटकनाशके यांसाठी लागणारी मूलभूत रसायने परदेशातून आणावी लागत. ती देशात व्हावीत, हा त्यामागील हेतू. रसायनांवरून रसायनी हे नाव पडले. तेच रेल्वे स्थानकाला मिळाले आणि मोहोपाडा, वासांबे, चांभार्ली ही जुनी नावे त्याच्या आड गेली. पुढे हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स आली, औद्योगिक विकास महामंडळाची पाताळगंगा वसाहत आली, १९८२ मध्ये रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा प्रकल्प आला.

जमिनी गेल्या तेव्हा मोबदला ज्याच्या नावे सातबारा त्याला मिळाला. तो थोडा होता की पुरेसा, याची चर्चा आजही होते. पण ज्यांच्या नावे सातबाराच नव्हता, त्यांचे काय गेले, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आजोबांची लावणी गेली, झोडणी गेली, बांधावरचे गवत गेले. या नुकसानीला कागदावर रकाना नव्हता. मी त्यांना विचारले, “आजोबा, मग आपण कारखान्यावर रागवायचं का?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “शेतात होतो तेव्हा पाणी वरून ओतून देत होते. कारखान्याच्या फाटकाशी एकच नळ आहे. त्याला तुझा बाप तोंड लावून पाणी पितो.”

मी हे वहीत लिहिले नाही. तेव्हा मला त्यात इतिहास दिसला नाही.

बाबा एका रासायनिक कारखान्यात कंत्राटी कामगार होते. पिंपे उतरविणे, पोती रचणे हे त्यांचे काम. त्यांच्या अंगाला येणारा उग्र दर्प साबणाने जात नसे. वीस वर्षांत कंत्राटदार अनेक बदलले आणि प्रत्येकाच्या हजेरीपटावर बाबांचे नाव निराळे होते. कोणी वडिलांच्या नावाच्या जागी गावाचे नाव लिहिले, कोणी आडनावच बदलून टाकले. त्यामुळे पुढे भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज करण्याची वेळ आली तेव्हा ती वीस वर्षे एकाच माणसाची आहेत, हे सिद्ध करता आले नाही.

नववीत असताना शाळेची सहल कर्जतजवळच्या कोंढाणे लेण्यांना गेली होती, ती अनेकांना आठवत असेल. चैत्याच्या दर्शनी भागापाशी सरांनी आम्हांला थांबविले आणि ब्राह्मी लिपीतील एक ओळ दाखविली. कन्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, असा तिचा अर्थ. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा-कल्याणच्या बंदरांतून घाटावर जाणाऱ्या व्यापारी वाटेवर हे विहार उभे राहिले. ज्या राजांच्या काळात ते खोदले गेले, त्यांच्याविषयी विद्वानांत वाद आहेत. बलकाविषयी मात्र वाद नाही, कारण त्याचे नाव दगडात आहे. परतताना बसमध्ये मी बाबांच्या हजेरीपटाचा विचार करीत होतो. तेव्हा तो विचार शब्दांत मांडता आला नसता, आज येतो.

इतिहासात एक तारीख अशी आहे, जी आमच्या भागातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. २४ जुलै १९८९. मी तेव्हा डी. एड.ला होतो आणि त्या आठवड्यात घरी आलो होतो. घाटात रात्रभर पाऊस कोसळला आणि पाताळगंगा पात्र सोडून वर आली. शेजारच्या सुधागड तालुक्यात अंबा नदीने जांभूळपाडा वाहून नेला, तोही त्याच दिवशी. आमच्या वस्तीत पाणी छातीपर्यंत चढले. आई भांडी सोडून माझे वह्यांचे बोचके डोक्यावर घेऊन निघाली. रिलायन्सचा तो प्रचंड प्रकल्पही पाण्याखाली गेला. अधिकारी आणि कंत्राटी कामगार दोघेही एकाच उंचवट्यावर भिजत उभे होते, हे मी प्रत्यक्ष पाहिले. पाणी ओसरले आणि आठवड्याभरात भिंती पुन्हा होत्या तेथे उभ्या राहिल्या. निबंधाची ती वही त्या बोचक्यात होती. लाल शाई पसरली, तरी अक्षरे वाचता येतात.

ज्या कारखान्याने गावाला नाव दिले, तो आता पूर्वीचा राहिला नाही. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्थान ऑरगॅनिकच्या येथील तोट्यातील संयंत्रांना कुलूप लावण्याचा आणि ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकण्याचा निर्णय घेतला. वगळले गेले ते एकच संयंत्र. नायट्रोजन टेट्रॉक्साइड हे अग्निबाणांच्या द्रव इंधनासोबत लागणारे रसायन तेथे तयार होते, म्हणून ते इस्रोकडे सोपविण्याचे ठरले. श्रीहरिकोट्याहून यान झेपावते तेव्हा माझ्या वर्गातील मुलांना मी सांगतो की, त्या ज्वाळेशी आपल्या गावाचे नाते आहे. मुले डोळे विस्फारतात. आजोबांचे कोणते खाचर त्या जागी होते, हे मला नेमके सांगता येत नाही. त्या सुट्टीत मी लिहून घ्यायला हवे होते.

राहिली लोकसंख्या. आठवीत ‘पुष्कळ’ लिहिणाऱ्या मुलावर नियतीने चांगलाच सूड उगविला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झालो आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जनगणनेचा प्रगणक म्हणून आमच्याच भागात दारोदार फिरलो. रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये २२ लाख ७ हजार ९२९ होती. २०११ मध्ये ती २६ लाख ३४ हजार २०० झाली. त्या वाढलेल्या सव्वाचार लाखांतील काही माणसांची नावे मी माझ्या हाताने लिहिली आहेत. वासांबे येथे तेव्हा ग्रामपंचायतच होती, तरी जनगणनेच्या पुस्तकात ‘मोहपाडा ऊर्फ वासांबे’ हे शहर ठरले. कारण तेथे पाच हजारांहून अधिक वस्ती आहे, ती दाट आहे आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पाऊणभाग शेतीबाहेरचे काम करतात. आजोबांची शेती गेली, त्या हिशेबाने आम्ही शहरवासी झालो.

अनुसूचीत जन्मस्थान, मातृभाषा आणि स्थलांतराचे कारण असे प्रश्न होते. मल्याळी, भोजपुरी, कन्नड, तेलुगू, अहिराणी अशी उत्तरे एकाच गल्लीत मिळाली. सातारा, लातूर, जळगाव येथून आलेल्यांनी कारण सांगितले ‘नोकरी’. स्त्रियांनी सांगितले ‘लग्न’. एका सेवानिवृत्त केरळी गृहस्थांनी जन्मस्थानाच्या रकान्यात रसायनी लिहिण्याचा आग्रह धरला. मी नियम समजावून सांगितला तेव्हा ते खिन्न होऊन म्हणाले, “गुरुजी, माझी सगळी माणसं इथेच मेली. मग माझा जन्म कुठला?”

वीटभट्टीवर एक कातकरी म्हातारी भेटली. एके काळी खैरापासून कात काढणारी ही जमात. आता पावसाळा संपला की भट्ट्यांवर स्थलांतर करते. वय विचारले तर तिला सांगता येईना. जन्मस्थान विचारले तेव्हा तिने हात वर करून माणिकगड दाखविला. त्या संपूर्ण गणनेत इतके नेमके उत्तर मला दुसऱ्या कोणी दिले नाही. कंपनी येण्यापूर्वी, सातबारा येण्यापूर्वी, कदाचित खाचरे पडण्यापूर्वीही तिची माणसे येथे होती. मी तिचे नाव दोनदा विचारून, तिला वाचून दाखवून, सुवाच्य अक्षरात लिहिले. माझ्या पर्यवेक्षकांना माझी संथ गती आवडली नाही. बाबांचा हजेरीपट त्यांना ठाऊक नव्हता.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. पायथ्याशी याद्या होत होत्या, नावे ताडून पाहिली जात होती. आमच्यावर पहारा ठेवणारा म्हणून लहानपणी ज्याच्याकडे पाहिले, तो हाच डोंगर. नाव लिहिले जाण्यासाठी माणसाला मरावे लागू नये, एवढेच त्या दिवशी वाटले.

विमानतळाच्या नावाने आता आमच्याकडे जमिनीचे भाव चढले आहेत. इमारतींचे फलक रोज नवे लागतात आणि त्यांवर नदीचे चित्र हमखास असते. पुढील जनगणनाही तोंडावर आली आहे. मी लवकरच सेवानिवृत्त होईन. कदाचित ते काम माझ्या एखाद्या विद्यार्थ्याकडे जाईल. त्याला मी सांगून ठेवले आहे की, माणूस नाव सांगेल तसेच लिही आणि लिहिलेले त्याला वाचून दाखव.

सरांच्या सूचनेप्रमाणे, विचारून लिहिलेला इतिहास तो हा. त्यातील पहिले वाक्य मी खोडत आहे. त्या जागी लिहितो : रसायनी हे गाव कारखान्यापूर्वीही होते; तेथे माझ्या आजोबांनी दुसऱ्यांची शेते लावली, माझ्या वडिलांनी वीस वर्षे पिंपे उतरविली आणि माझ्या आईने नदीच्या पायरीवरून वीजघराचा हिशेब ठेवला. वही तपासण्यासाठी सादर आहे.